आधी पाय ओले

लाकूड आणि कॅनव्हासची कॅनू कधी काठाला टेकवायची नसते. पाणी गुडघ्याइतकं झालं की वल्हं आत ठेवायचं, बाजूने पाण्यात उतरायचं, होडी तरंगती ठेवूनच सामान काढायचं आणि रिकामी झाली की दोघांनी दोन्ही टोकांना धरून उचलून वर न्यायची. बूट भिजतात आणि दिवसभर भिजलेलेच राहतात. शिबिरातला नवा मुलगा पहिल्या दिवशी हमखास याच्या उलट करतो. चार वल्ही जोरात मारून होडी वाळूत घुसवतो आणि कोरड्या पायांनी ऐटीत खाली उतरतो. वाळूखाली दगड असतो, आणि संध्याकाळी शेकोटीपाशी कॅनव्हास कोणाला शिवावा-चिकटवावा लागतो ते वेगळं सांगायला नको.

अमेरिकेच्या ईशान्येकडे, न्यू हॅम्पशर, व्हर्माँट, न्यूयॉर्कच्या उत्तर भागात, तळ्याकाठची मुलांची उन्हाळी शिबिरं शंभराहून जास्त वर्षं चालू आहेत. त्यांच्या संस्कारांबद्दल पुष्कळ बोललं जातं. आम्हाला विचाराल तर त्यातले निम्मे संस्कार त्या होडीनेच केलेले आहेत.

17 फुटी कॅनू कोरडी असताना 35 ते 40 किलो भरते. आत पांढऱ्या सीडरच्या (हे एक हलकं लाकूड), वाफेवर वाकवलेल्या बरगड्या. त्यांवर सीडरच्याच पातळ फळ्या, पितळी चुकांनी, म्हणजे बारीक खिळ्यांनी, ठोकलेल्या. चूक बाहेरून ठोकताना आतून लोखंडी ठोकळा धरतात, म्हणजे तिचं टोक वळून लाकडात परत रुततं. या सगळ्यावर कॅनव्हास ढोलकीच्या पुडीसारखा ताणायचा आणि विणीच्या फटी बुजवणारा लेप चोळून चोळून भरायचा. लेप वाळायला महिनाभर लागतो. इथे घाई केली की वर दिलेला रंग सुरकुततो आणि पुढच्या उन्हाळ्यात भेगाळतो, म्हणून हे काम शहाणी माणसं हिवाळ्यातच काढतात.

कॅनव्हास फाटला तर होडी लगेच बुडत नाही, आणि तीच पंचाईत आहे. पाणी हळूहळू कॅनव्हास आणि फळ्यांच्या मध्ये शिरतं, लाकूड ते पितं, होडी तीन-चार दिवसांत जाणवण्याइतकी जड होते. ठिगळ लावायचं तर जागा आधी पुरती वाळवायची, भोकापेक्षा बोटभर मोठा कापडाचा तुकडा कॅनव्हासच्या खाली सरकवायचा, दोन्हीकडे गोंद लावून दाबून धरायचा. ओल्या लाकडावर गोंद धरत नाही. दहातली नऊ ठिगळं सुटतात ती याच कारणाने, गोंदाला शिव्या घालण्यात अर्थ नसतो.

दोन तळ्यांच्या मध्ये जमीन आली की हीच होडी एका मुलाच्या खांद्यावर जाते आणि दुसऱ्याच्या पाठीवर ‘वॅनिगन’ येते. वॅनिगन म्हणजे स्वयंपाकाची लाकडी पेटी: पातेली, पीठ, तेल, ताटल्या, सगळं त्यात. तिला खांद्याचे पट्टे नसतात. एकच रुंद चामडी पट्टा, पेटीला बांधलेला, डोक्यावरून घ्यायचा. हिमालयातले हमाल वापरतात तसाच. पट्टा कपाळावर आला तर मान मागे ओढली जाते आणि दोनशे पावलांत मुलगा बसतो. तो केस सुरू होतात त्याच्या जरा मागे, टाळूकडे हवा. मान सरळ, कमरेतून थोडं पुढे झुकायचं, पेटी कमरेच्या वरच्या खळग्यात टेकली पाहिजे. ती खाली लोंबत असेल तर पट्टा लांब झाला आहे. पेटी भरतानाही जड वस्तू पाठीच्या बाजूला आणि रिकाम्या जागेत कापडं. पातेलं आत खडखडलं की दर पावलाला वजन हलतं आणि तोल जातो. एकट्याने ही पेटी डोक्यावर घेणं अवघडच, कुणीतरी मागून उचलून द्यावी लागते. मदत मागायला लाजणाऱ्या मुलाची लाज इथे दुसऱ्या दिवसापर्यंत टिकत नाही.

या प्रकाराची सुरुवात साधारण 1861 ची धरतात. कनेक्टिकटमधल्या वॉशिंग्टन गावात शाळा चालवणारे फ्रेडरिक गन आपल्या मुलांना चालवत समुद्राकाठी मिलफर्डला घेऊन गेले आणि तंबू ठोकून राहिले. पण तळं, बेट, होड्या असा पुरता थाट 1881 मध्ये अर्नेस्ट बाल्च या तरुणाने न्यू हॅम्पशरच्या स्क्वाम तळ्यातल्या एका बेटावर मांडला. त्याचं म्हणणं असं की सुखवस्तू घरची मुलं उन्हाळाभर आईबापांबरोबर हॉटेलांत लोळून बिघडतात. म्हणून त्याच्या शिबिरात नोकर नव्हते. रांधणं, भांडी, होड्यांची निगा, सगळं मुलांकडे. ते शिबिर 1889 पर्यंतच चाललं. बेट मात्र आहे, तिथे आता झाडांखाली उन्हाळी प्रार्थना होतात आणि लोक होडीनेच येतात.

1885 मध्ये समनर डडली सात मुलांना घेऊन न्यूयॉर्क राज्यातल्या न्यूबर्गजवळच्या ऑरेंज तळ्याकाठी गेले. मुलांची डोकी भादरलेली, म्हणून त्या शिबिराला ‘बाल्डहेड’ म्हणत. पुढे ते शँप्लेन तळ्याकाठी गेलं, डडलींचं नाव त्याला मिळालं, आणि ते आजही चालू आहे. ‘आधी दुसरा’ हे त्याचं ब्रीद. 1893 मध्ये सुरू झालेल्या कीवेडिन या दुसऱ्या शिबिराचं ब्रीद जवळपास तेच: दुसऱ्याला मदत कर. ब्रीद भिंतीवर लिहिणं सोपं असतं. पेटी उचलून द्यावी लागते तेव्हा ते वाचायची गरज उरत नाही, हा खरा हिशेब.

आणि हा ‘दुसरा’ कोण, याचं उत्तर बराच काळ फार अरुंद होतं. मूळ रहिवाशांची नावं, पिसांचे टोप, त्यांच्या सभेची नक्कल करणारी शेकोटी, हे सगळं उचललं गेलं, पण वर्गणी भरून येणारी मुलं बहुतेक गोऱ्या, प्रॉटेस्टंट, पैसेवाल्या घरची. ज्यू कुटुंबांना आपली वेगळी शिबिरं उभारावी लागली. पिसांचे टोप आता बऱ्याच ठिकाणी गेले. फी मात्र काही हजार डॉलर आहे, तेव्हा दार अजून पुरतं उघडलंय असं म्हणवत नाही.

हंगाम जूनअखेर ते ऑगस्टच्या मध्यापर्यंत. मे महिन्यात शाळा सुटण्याची सवय असलेल्या आपल्याला हे उशिराचं वाटतं, पण या तळ्यांवरचा बर्फच एप्रिलात वितळतो. जुलैतही वरचे काही मीटर सोडले की खाली पाणी थंडगार असतं.

म्हणून पोहण्याच्या धक्क्यावरची शिस्त सगळ्यांत कडक. तिथे एक फळा असतो, त्यावर प्रत्येक मुलाची चकती, एक बाजू पांढरी, दुसरी लाल. पाण्यात जाताना ती उलटायची आणि जोडीदारासोबतच उतरायचं, तोही आपल्याइतकाच पोहू शकणारा. साधारण दर दहा मिनिटांनी शिट्टी होते, जोड्यांनी हात धरून वर करायचे, डोकी मोजायची, फळ्याशी ताडायची. जोडीदार बाहेर निघाला की आपणही बाहेर, मग कितीही रंगात आलेले असा. आकडा जुळला नाही तर सगळं पाणी रिकामं होतं: उथळ भागात मोठी माणसं हाताला हात धरून रांगेने तळ चाचपत चालतात, खोल भागात रांगेने बुड्या मारतात. बहुतेक वेळा हरवलेला मुलगा चकती उलटायला विसरून केबिनमध्ये चड्डी बदलत असतो. त्याला रागवायचं नाही, असा चांगल्या शिबिरांचा दंडक आहे, नाहीतर पुढच्या वेळी तो लपून बसेल. चकती मात्र सगळ्यांसमोर त्याच्याच हातून उलटवून घ्यायची.

फोन नसतात, पत्रं असतात. अनेक शिबिरांत रविवारी जेवणघराच्या दाराशी घरचं पत्र दिल्याशिवाय आत सोडत नाहीत. पहिलं पत्र बहुधा ‘मला घेऊन जा’ असं येतं. ते पोचायला तीन-चार दिवस जातात आणि तोवर लिहिणारा वल्ही मारण्यात गुंतलेला असतो. त्यावर लगेच गाडी काढू नये. न्यू जर्सीतल्या मराठी आईबापांना आणखी एक: पाकिटांवर घरचा पत्ता लिहून, तिकिटं लावूनच द्या, आणि चिवड्याचा डबा पाठवू नका. केबिनमध्ये खाणं ठेवायला बंदी असते. आधी उंदीर येतात, मग रकून, आणि व्हर्माँटमध्ये कधीकधी अस्वलही.