एकविसाव्या दिवशी काहीच झालं नाही

कोंबडीच्या अंड्यातून पिल्लू बाहेर यायला २१ दिवस लागतात. शाळेतल्या पोराला विचारलं तरी सांगेल. उबवणी यंत्राबरोबर आलेल्या माहितीपत्रकातही तेवढंच एक वाक्य ठळक छापलेलं होतं. त्याच्या भरवशावर मी एकविसाव्या दिवसाची रजा टाकली. बाविसाव्या दिवसाचीही टाकावी लागली, आणि तेविसाव्या दिवशी कारण काय द्यायचं हा प्रश्न पडला. घरात बाळंतपण आहे म्हटलं असतं तरी ते काही अगदीच खोटं नव्हतं.

आधीच्या अठरा दिवसांत सांगण्यासारखं फारसं घडलं नाही. ऱ्होड आयलंड रेड या जातीच्या कोंबड्यांची १२ अंडी एका जुन्या हौशी पक्षीपाळाकडून आणली. सगळी आठवड्याच्या आतली होती. टोकदार बाजू खाली करून एक रात्र तशीच ठेवली आणि मग यंत्रात लावली. यंत्र आपोआप अंडी फिरवणारं, आतल्या पंख्याचं. तापमान ३७.५ अंश, ह्युमिडिटी ५० टक्के, दोन्ही आकडे झाकणावर लालभडक चमकत होते. सातव्या दिवशी अंधारात अंड्याखाली टॉर्च धरला, तर दहा अंड्यांत कोळ्यासारखं जाळं आणि मध्ये एक थरथरणारा ठिपका. एक अंडं कोरं निघालं, एकात नुसतं रक्ताचं कडं. ती दोन काढून टाकली. अठराव्या दिवशी फिरवणं बंद केलं, खालच्या भांड्यात जास्त पाणी घातलं, ह्युमिडिटी ६५ वर नेली आणि झाकण लावलं. आता तीन दिवस झाकण उघडायचं नाही, एवढा नियम मला पाठ होता.

इथे माझी एक चूक कबूल करते. त्या अठराव्या दिवशी टॉर्च लावला तेव्हा अंड्याच्या बोथट बाजूची हवेची पोकळी मला लहान वाटली होती. या वेळेपर्यंत तिने अंड्याचा जवळजवळ तिसरा हिस्सा व्यापायला हवा. माझ्याकडच्या अंड्यांत ती जेमतेम टोपीएवढी होती. दिसलं, कळलं, आणि तरी मी झाकण लावलं, कारण वरचा आकडा बरोबर होता ना!

एकविसाव्या दिवशी पहाटे पाचला उठून बसले. काचेतून दहा अंडी दिसत होती, दुकानात मांडल्यासारखी. दुपार झाली. संध्याकाळ झाली. मुलगी शाळेतून येऊन विचारून गेली, नवरा विचारून गेला, शेजारच्या दोन पोरी खास बघायला आल्या आणि कंटाळून परत गेल्या. सासूबाईंनी हयातभर खुडूक, म्हणजे अंडी उबवायला ठिय्या मारून बसणारी, कोंबडी टोपलीत बसवून पिल्लं काढलेली. त्या लांबूनच म्हणाल्या, "अगं, कोंबडीखाली कुणी थर्मामीटर लावतं का?" मी म्हटलं, "आई, आपल्याकडची एकही कोंबडी सध्या खुडूक नाहीये, म्हणून तर हे यंत्र आणलं." त्यावर त्यांनी यंत्राकडे ज्या नजरेने पाहिलं ती मला अजून आठवते.

रात्री यंत्राच्या मदत क्रमांकावर फोन केला.

"मॅडम, तापमान किती दाखवतंय?"

"साडेसदतीस."

"मग मशीन ओके आहे. अंडी खराब असतील."

"अहो, अठराव्या दिवशी आत पिल्लं हलत होती."

"मग थांबा, मॅडम."

किती थांबायचं, हे मात्र त्यांच्याकडे लिहिलेलं नव्हतं. बाविसाव्या दिवशी सकाळी पुन्हा फोन. माणूस वेगळा, उत्तर तेच.

मध्येच सांगून टाकते. कुणी तुम्हाला म्हणालं की उशीर झालेली अंडी कोमट पाण्यात सोडा, जिवंत असतील ती डुलतात, तर ऐकू नका. मी पातेलं भरून घेतलंही होतं. एखाद्या अंड्याला डोळ्यांना न दिसणारी चीर गेलेली असली तर आतलं पिल्लू बुडून मरतं. पातेलं तसंच राहिलं ते माझ्या शहाणपणामुळे नव्हे. नवऱ्याने तेवढ्यात त्यात चहाचं आधण टाकलं म्हणून.

बाविसाव्या दिवशी दहाच्या सुमाराला झाकणाला कान लावला आणि आतून आवाज आला. अगदी बारीक, दुसऱ्या खोलीत कुणाचा मोबाइल वाजावा तसा. म्हणजे पिल्लाने आतलं पापुद्र्याचं आवरण फोडून चोच हवेच्या पोकळीत घातली होती आणि पहिल्यांदाच फुप्फुसाने श्वास घेत होतं. तिथून कवचाला बाहेरून टवका जायलाच बारा ते चोवीस तास लागू शकतात, आणि टवका गेल्यावर पिल्लू बाहेर पडायला आणखी तेवढेच. मधल्या वेळात ते नुसतं पडून असतं. आळस नसतो तो. पापुद्र्यातल्या रक्तवाहिन्यांतलं रक्त अंगात ओढून घेणं आणि उरलेला बलक पोटात घेणं, ही दोन कामं उरकायची असतात. हे सगळं मला वाचून माहीत होतं. पण आपल्या समोरचं पिल्लू टवका मारून आठ तास गप्प बसलं की माहिती डोक्यातून निघून जाते.

मी झाकण उघडलं. एकदा नाही, त्या दिवसात चार वेळा. एकदा नुसतं बघायला, एकदा टवका वर येईल असं अंडं फिरवायला, आणि बाकीच्या दोन वेळा का, ते आज मलाही सांगता येणार नाही. दर वेळी काचेवरची वाफ भुर्रकन उडायची आणि आकडा ६५ वरून ४० वर पडायचा.

तेविसाव्या दिवशी पहाटे पहिलं पिल्लू आलं. बोथट टोकाच्या कडेने डब्याच्या झाकणासारखी गोल चीर नेली, पायांनी रेटा दिला आणि ओल्या चिंधीसारखं बाहेर पडलं. दुपारपर्यंत पाच झाली. पाचही जड, पोट फुगलेली, अंगाला चिकट ओल, उभं राहायला वेळ घेणारी. सहाव्याने आदल्या रात्री टवका मारला होता आणि तिथेच अडकलं होतं. त्या भोकाच्या कडेचा पापुद्रा पांढरा, कडक, वाळलेल्या कागदासारखा झालेला. ही माझ्या चार वेळा झाकण उघडण्याची कमाई. पापुद्रा आवळून बसला की पिल्लाला आत वळता येत नाही.

टवका जाऊन अठरा तास झाले तेव्हा मी हात घातला. कान साफ करायची कापसाची काडी कोमट पाण्यात बुडवून पापुद्रा भिजवला आणि टवक्याच्या कडेने कवचाचा नखाएवढा एक तुकडा काढला. लाल रेघ दिसली की थांबायचं. तिथे रक्त अजून वाहतं असतं. मला दुसऱ्याच तुकड्याखाली ती दिसली. अंडं परत आत ठेवलं, तीन तासांनी पुन्हा काढलं. रेघ फिकी झाली होती. आणखी थोडं सोललं आणि बाकीचं काम त्याच्यावर सोडलं. रात्री नऊला ते बाहेर आलं. चोवीस तास न घालवता कवचाला हात लावू नये असं बहुतेक जण म्हणतात आणि ते बरोबर आहे. माझ्या बाबतीत पापुद्रा वाळलेला डोळ्यांना दिसत होता, म्हणून लवकर लावला.

उरलेली चार आलीच नाहीत. पंचविसाव्या दिवशी ती फोडून बघितली. वाईट वाटतं, पण बघावंच. एक बऱ्याच आधी मेलेलं. एकाचं डोकं टोकदार बाजूला होतं, म्हणजे चोचीसमोर हवेची पोकळीच नव्हती. आणि दोन पिल्लं पूर्ण वाढलेली, नखांसकट, आजूबाजूला पाणीच पाणी.

त्या पाण्याने माझं डोकं फिरलं. तिसऱ्यांदा फोन लावला. या वेळी एक बाई होत्या, त्यांनी आवाज खाली आणून विचारलं, "ताई, आत दुसरा थर्मामीटर ठेवून बघितलात का?" नव्हता बघितला. का बघणार? यंत्र नवं कोरं, आकडा एका दशांशापर्यंत दाखवतंय!

ताप मोजायचा घरातला थर्मामीटर या कामाला उत्तम, कारण नेमक्या याच पट्ट्यात तो बिनचूक असतो. आत ठेवला, तर वर ३७.५ आणि आत ३६.९. ह्युमिडिटीसाठी एक सुटा मीटर आणला, पण आता त्याच्यावर तरी विश्वास कसा ठेवायचा? त्याला मिठाची परीक्षा आहे. बाटलीच्या बुचात मीठ घ्यायचं, ओल्या वाळूसारखं होईल इतपतच पाणी घालायचं, विरघळू द्यायचं नाही. ते बूच आणि मीटर एका घट्ट बंद पिशवीत आठ तास ठेवायचे. आतली हवा ७५ टक्क्यांवर येऊन थांबते. माझा मीटर ७६ दाखवत होता, म्हणजे पास. तोच यंत्रात ठेवला तेव्हा वरचा आकडा ५० आणि मीटर ६२.

म्हणजे अठरा दिवस माझी अंडी थंडही होती आणि दमटही. अर्धा-पाऊण अंश कमी पडला की पिल्लांना दिवस-दीड दिवस उशीर होतो. हवा दमट असली की कवचाच्या छिद्रांतून पुरेसं पाणी उडून जात नाही, पोकळी लहान राहते आणि पिल्लू शेवटी त्या पाण्यातच गुदमरतं. सगळी उत्तरं अठराव्या दिवशी टॉर्चच्या उजेडात माझ्यासमोर होती. आणि ती दुसऱ्या थर्मामीटरची एक ओळ माहितीपत्रकात छापायला त्यांना काय जड गेलं असतं?

सहा पिल्लांचं पुढचं सोपं होतं. पहिला आठवडा दिव्याखाली ३५ अंश, मग दर आठवड्याला तीनेक अंश कमी. थर्मामीटरपेक्षा पिल्लांकडेच बघा (हे मी म्हणतेय!). दिव्याखाली एकमेकांवर चढली तर थंडी वाजतेय, कडेला पसरून चोची उघडून बसली तर उकडतंय. गुळगुळीत वर्तमानपत्र अंथरू नका, पाय फाकतात. पाण्याच्या बशीत गोट्या टाकल्या म्हणजे बुडत नाहीत. पहिल्या दिवशी खायला घालायची घाई नको, पोटातला बलक दोन दिवस पुरतो. नंतर १८ ते २० टक्के प्रथिनांचं स्टार्टर, म्हणजे पिल्लांचं सुरुवातीचं खाद्य. अंड्यावरच्या कोंबड्यांचं लेयर खाद्य चुकूनही नाही, त्यात साडेतीन-चार टक्के कॅल्शियम असतं आणि पिल्लांच्या मूत्रपिंडांना ते झेपत नाही. मोठ्यांच्या खुराड्यातही मी हल्ली शिंपल्यांचा चुरा वेगळ्या भांड्यात ठेवते. ज्या अंडी घालतात त्या बरोबर जाऊन खातात, कोंबडे ढुंकून बघत नाहीत.

सहांत चार कोंबडे निघाले, हेही ओघाने आलंच. दोन तलंगा, म्हणजे तरुण कोंबड्या, राहिल्या, त्या सहा महिन्यांच्या झाल्यावर प्रदर्शनात नेल्या. तीन आठवडे आधी रोज थोडा वेळ पिंजऱ्यात ठेवून माणसाच्या हाताची सवय केली. तीन दिवस आधी आंघोळ: एक टब सौम्य शाम्पूचा, एक साध्या पाण्याचा, एक चमचाभर व्हिनेगर घातलेल्या पाण्याचा. आदल्या दिवशी घालू नका, पिसांवर तेल परत यायला वेळ लागतो. पायांचे खवले जुन्या टूथब्रशने घासायचे, तुऱ्यावर व्हॅसलीनचा पुसट हात. हेअर ड्रायरखाली माझी मोठी तलंग डोळे मिटून चक्क झोपली.

परीक्षकांनी तिला उचललं, पंख उलगडून पाहिला, तुऱ्याची टोकं मोजली, मग अंगठा पायावरून खालून वर नेला आणि थांबले. दोन बोटांच्या बेचक्यात, खवल्यांच्या मध्ये, तिळाएवढं एक पीस. "बाई, ही जात स्वच्छ पायांची. बाद." अमेरिकेत जातींचं मानकांचं पुस्तक १८७४ साली पहिल्यांदा निघालं, तेव्हापासून असल्या तिळाएवढ्या गोष्टींवर माणसं हिरमुसत आली असणार. मला राग आला नाही. त्यांनी स्वतःच्या अंगठ्याने तपासलं होतं. धाकटीला तिसरा क्रमांक मिळाला. त्या वर्गात चारच पक्षी होते, पण ते घरी कुणाला सांगितलं नाही.

दुसऱ्या खेपेला यंत्र ३८.१ वर लावलं, म्हणजे आत साडेसदतीस. बाराही अंडी वजन करून ठेवली, ६६० ग्रॅम. अठराव्या दिवसापर्यंत १२-१३ टक्के घट हवी. एक कोरं निघालं ते धरूनच तोललं, तर ५७८. विसाव्या दिवशी संध्याकाळी भाजी चिरत होते तेव्हा टकटक ऐकू आली. झाकणाला हात लावला नाही, त्यावर पोळपाट ठेवून दिला. एकविसाव्या दिवशी रात्रीपर्यंत नऊ पिल्लं. सासूबाईंना हाक मारली. त्यांनी काचेतून मोजली, पुन्हा मोजली आणि म्हणाल्या, "बरं झालं. आता तुझी ती धाकटी खुराड्यात दोन दिवस एकाच जागी बसून आहे, तिच्याकडे बघ जरा."