तुम्ही विचारलेत म्हणून: सशांच्या पिंजऱ्यातले खत

आमच्या पडवीतले ससे पाहिले की येणारा-जाणारा विचारतोच, यांच्या लेंड्या आणि खालचा भुसा तुम्ही खरोखर भाजीला घालता का? तुम्हीही विचारलेत म्हणून जरा सविस्तर सांगते.

लेंड्यांची फारशी काळजी नको. ससा आणि गिनिपिग निव्वळ गवतपाला खाणारे असल्यामुळे त्यांच्या लेंड्या शेळीच्या लेंड्यांप्रमाणेच कोरड्या, सुट्या असतात आणि कोंबडीच्या ताज्या खतासारखी मुळे जाळत नाहीत. वांग्या-मिरचीच्या बुंध्यापासून वीतभर लांब त्या मातीत मिसळल्या तरी चालते. कच्ची खायची कोथिंबीर किंवा मुळा असेल, तर मात्र त्या पुऱ्या कुजवूनच घालाव्यात. कुत्र्या-मांजरांची विष्ठा भाजीच्या खतात कधीच नको, कारण तिच्यातले जंत आणि मांजराकडून येणारा टॉक्सोप्लाझ्मा हा सूक्ष्म परजीवी घरगुती खताच्या ढिगाच्या उष्णतेने मरतीलच असे नाही.

खरे लक्ष द्यावे लागते ते लेंड्यांखालच्या अंथरुणाकडे. लाकडाच्या भुशात नत्राच्या २०० ते ५०० पट कार्बन असतो आणि कुजण्यासाठी साधारण २५ ते ३० पट पुरतो. त्यामुळे भुसा कच्चाच आळ्यात टाकला, तर जिवाणू मातीतले नत्र ओढून घेतात आणि झाडाची पाने पिवळी पडतात. भाताचे तूस सिलिकामुळे लवकर कुजतच नाही. माझ्या मते आपल्याकडे पेंढ्यासारखे अंथरूण नाही. तो मूत्र शोषतो आणि त्या नत्रावरच भराभर कुजतो. उग्र वास येऊ लागला, तर ढिगात ओले जास्त झाले असे समजावे आणि आंब्या-फणसाचा सुका पातेरा मिसळावा. मुठीत दाबल्यावर गोळा व्हावा, पण बोटांतून पाणी निथळू नये, इतकाच ओलावा हवा.

हा ओलावा सांभाळणे कोकणात कठीण. चार महिन्यांत ३००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस झेलणारा उघडा ढीग आपले नत्र आणि पालाश पाण्याबरोबर गमावतो आणि जांभ्याची माती तर ते धरूनही ठेवत नाही. म्हणून ढीग चिऱ्यांच्या उंच कट्ट्यावर रचावा आणि वर झावळ्या व पत्रा घालावा.

माड असतील, तर आणखी एक गोष्ट पाळावी लागते, आणि ती कोणी विचारत नाही. गेंड्या भुंगा अशाच कुजत्या ढिगात अंडी घालतो आणि मोठा झाला की माडाचा न उमललेला कोंब पोखरतो. ती झावळ उमलल्यावर कात्रीने त्रिकोण कापल्यासारखी दिसते. त्याच्या अळ्या पांढऱ्या, अंगठ्याएवढ्या जाड आणि अर्धवर्तुळात वळलेल्या असतात. महिन्यातून एकदा तरी ढीग तळापासून उलटावा आणि दिसतील तेवढ्या अळ्या वेचाव्यात. आमच्या कोंबड्या फावड्याचा आवाज ऐकूनच धावत येतात, त्यामुळे वेचण्याचे निम्मे काम त्याच उरकतात.