फुगा नको, बिंगो चालेल

मी इंग्लंडमध्ये ओल्डहॅमला असते, मँचेस्टरला लागूनच. एका केअर होममध्ये अ‍ॅक्टिव्हिटी कोऑर्डिनेटर आहे. आईला हे फोनवर सांगितलं तर म्हणाली, "म्हणजे म्हाताऱ्या माणसांना खेळवतेस?" पुष्कळ ठिकाणी चालतं तसंच. खुर्च्या गोल मांडायच्या, मधे फुगा सोडायचा आणि नव्वदीच्या माणसाने तो टोलवला की आपण टाळ्या वाजवायच्या. खांद्यांना व्यायाम होतो, कबूल. पण जन्मभर गिरणीत राबलेल्या बाईला रोज फुगा?

कंटाळा घालवायचा तर दर आठवड्याला नवा खेळ हवा, असा एक समज आहे. मला तो पटत नाही. खेळ जुना असला तरी चालतो, पण त्यात माणसाला काहीतरी ठरवायला, जमल्यास भांडायला मिळालं पाहिजे.

बिंगोचंच बघा. आपल्या सोसायटीच्या गणपतीतली हाउजीच ती. तिकीट तेच, तीन ओळी, पंधरा आकडे. अकरा आला की पुकारणारा "लेग्ज इलेव्हन" म्हणतो आणि सगळ्या आज्या शिट्ट्या मारतात. अठ्ठ्याऐंशीला "टू फॅट लेडीज". आता आमच्याकडे आकडे स्टाफ पुकारत नाही, रहिवासी पुकारतात. एक बसकंडक्टर आजोबा एरवी कशालाच खोलीबाहेर येत नसत. ते पुकारायला बसतात आणि कुणी बोलत बसलं तर खडसावतातही.

स्मृतिभ्रंशाच्या सुरुवातीच्या आणि मधल्या टप्प्यातल्या माणसांसाठी इथे 'कॉग्निटिव्ह स्टिम्युलेशन थेरपी' वापरतात. आठवड्याला दोन अशी सात आठवड्यांत चौदा सत्रं. त्यातलं एक तत्त्व मी सगळीकडे लावते: "आठवतंय का?" विचारायचं नाही, "तुम्हाला काय वाटतं?" विचारायचं. आठवत नसेल तर माणूस ओशाळतो. मत मात्र प्रत्येकाला असतं.

ओल्डहॅम म्हणजे एके काळचं सूतगिरण्यांचं शहर. इथल्या प्लॅट ब्रदर्सची यंत्रं हिंदुस्थानातल्या गिरण्यांतही गेली. माझे आजोबा मुंबईत लालबागच्या गिरणीत साचेखात्यात, म्हणजे मागांवर होते, हे मी सहज बोलून गेले आणि खोलीतल्या माना वर झाल्या. इथल्या काही आज्या शाळा सुटल्या सुटल्या, पंधराव्या वर्षी गिरणीत लागलेल्या. यंत्रांच्या आवाजात काही ऐकू यायचं नाही, म्हणून ओठ वाचून बोलायची त्यांना सवय. त्याला इथे 'मी-मॉइंग' म्हणतात. एकीला आता जवळजवळ ऐकू येत नाही, पण खोलीच्या दुसऱ्या टोकाच्या मैत्रिणीशी ती ओठांनी व्यवस्थित कुचाळक्या करते.

मग मी एक फोटो मोठा छापून आणला. 1931 च्या सप्टेंबरात गांधीजी लँकेशायरला, डार्वेनला आले होते, तेव्हाचा. इथल्या कापडावर आपल्याकडे बहिष्कार चालू आणि इथल्या गिरणीतल्या बायका त्यांच्याभोवती हसत उभ्या! मी एवढंच विचारलं, "या बायकांचं तुम्हाला काय वाटतं?" एक म्हणाली, वेड्या होत्या, पोटावर पाय आणणाऱ्याला कसल्या टाळ्या देता? दुसरी म्हणाली, पगार कापणारे मालक आपले, त्याचा काय दोष? मी 1982 चा मुंबईचा गिरणी संप सांगितला तर "मग इतके महिने खाल्लं काय त्यांनी?" हा प्रश्न आला. त्याचं उत्तर माझ्या आजीने दिलं असतं. चहा निवला, कुणाचं लक्ष नव्हतं.

बाकी व्यवहाराच्या गोष्टी, पण त्यांच्यावाचून सगळं फसतं. टीव्ही बंद. कानातल्या यंत्रांचे सेल आधी तपासायचे. सहा ते आठ माणसं, त्याहून जास्त नकोत. वेळ सकाळी अकराची, कारण जेवणानंतर निम्मे डुलक्या काढतात. आणि जो येत नाही म्हणाला त्याला ओढून आणायचं नाही.

सध्या 'वेक्स वीक'ची तयारी चालू आहे. पूर्वी उन्हाळ्यात आठवडाभर गिरण्या बंद व्हायच्या आणि अख्खं गाव ब्लॅकपूलच्या समुद्राला जायचं. आम्ही तो आठवडा होममध्येच करणार. ठरवायला रहिवाशांची समिती आहे. ब्लॅकपूलच्या वाळूवर असते तशी गाढवावरची रपेट हवी की नको यावर दोन तट पडलेत. माझी बॉलीवूड डान्सची सूचना समितीने एकमताने फेटाळली. समोसे मंजूर झालेत.