तुम्ही विचारलंत म्हणून : एक स्टॉप म्हणजे नक्की किती?

नाशिकजवळच्या नांदूरमध्यमेश्वर पक्षी अभयारण्यात गेलं की कुणीतरी कॅमेरा पुढे करतंच, दादा पक्षी नुसता काळा येतोय, काय करू? एक स्टॉप वाढवा म्हटलं की लगेच पुढचा प्रश्न, स्टॉप म्हणजे किती?

दुप्पट किंवा निम्मा प्रकाश, बस. आयएसओ, म्हणजे कॅमेरा फोटो किती उजळवणार तो आकडा, 200 चा 400 केला, एक स्टॉप वाढला. शटर किती वेळ उघडं राहतं ते 1/1000 सेकंदावरून 1/500 वर आणलं, तरी एकच स्टॉप. डोकं फिरतं ते अ‍ॅपर्चरपाशी, म्हणजे लेन्समधल्या प्रकाश आत सोडणाऱ्या भोकापाशी, कारण तिथे 8 वरून 5.6 वर आलात की दुप्पट आणि 5.6 वरून 4 वर आलात की परत दुप्पट, म्हणजे आकडा जितका लहान तितकं भोक मोठं. व्यास 1.4 पट झाला की क्षेत्रफळ दुप्पट होतं, एवढंच गणित आहे त्यात, नाही पटलं तर सरळ पाठ करा.

आता खरी गंमत मीटरची, म्हणजे कॅमेऱ्यात जो प्रकाश मोजतो त्याची. समोर देऊळ आहे की घार हे त्याला काय कळणार, तो जे दिसेल ते मधल्या करड्या छटेवर आणायला बघतो. आपलं नाशिकचं काळाराम मंदिर अख्खं काळ्या दगडाचं, बाहेरून फ्रेमभर भिंत घेतलीत की मीटर म्हणणार उजेड कमी आहे, आणि प्रकाश वाढवून दगड पार राखाडी करून ठेवणार. म्हणून तिथे कॅमेऱ्याच्या अधिक-उणेवर (एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन) उणे एक, म्हणजे एक स्टॉप कमी. हो, काळ्यासाठी कमीच करायचं! उलट नांदूरला ढगाळ पांढऱ्या आभाळात घार असेल तर अधिक एक, कधी दीडसुद्धा, पण ते करताना शटरचा वेग किती खाली आला ते बघा नाहीतर फोटोत पंख हललेले येतात.

आणि बगळा? पांढरा म्हणून अधिक करायला जाल तर फसाल. सावलीतल्या काळपट पाण्यात एकटा बगळा उन्हात उभा असेल तर फ्रेममध्ये पाणीच जास्त, मीटर पाणी उजळवणार आणि पिसांचा नुसता पांढरा डाग उरणार. तिथे उणेच. पक्ष्याचा रंग नंतर, आधी फ्रेममध्ये जास्त काय आहे ते बघायचं.

बहुतेक कॅमेऱ्यांत अधिक-उणेच्या चाकाचे तीन क्लिक म्हणजे एक स्टॉप. मॅन्युअल मोड (शटर, अ‍ॅपर्चर आपणच ठरवायचं) आणि आयएसओ फिक्स असेल तर ते अधिक-उणे बहुतेकदा फोटोवर काहीच करत नाही, तिथे शटर किंवा अ‍ॅपर्चरच हलवावं लागतं. आणि निघताना शून्यावर आणून ठेवा, बऱ्याच कॅमेऱ्यांत बंद करूनही ते तसंच राहतं.