खिशातली नावं

निघायच्या आदल्या रात्री माझ्या शर्टाच्या खिशात अकरा चिठ्ठ्या जमल्या होत्या. सावंतवाडीहून जुन्या गोव्याला चालत जाणाऱ्याच्या हाती आमच्याकडे लोक चिठ्ठ्या देतातच. कुणाचा मुलगा बारावीला, कुणाला मूल हवंय, कुणाची बोटीवरची नोकरी सुटलीय. सायबाकडे पोचव, म्हणतात. सायब म्हणजे संत फ्रान्सिस झेवियर, गोंयचो सायब. ३ डिसेंबरला त्याचं फेस्त, म्हणजे सण. २४ नोव्हेंबरला नोव्हेना, म्हणजे नऊ दिवसांची प्रार्थना, सुरू होते आणि त्या दिवसांत बेळगावकडून, सिंधुदुर्गातून चालणारे जथे रस्त्याला लागतात.

बारावी चिठ्ठी मायची. दोन वर्षांपूर्वी तिची उजवी बाजू गेली, वाचाही गेली. डाव्या हातानं तिनं बराच वेळ काहीतरी गिरवलं, घडी घालून माझ्या हातात कोंबलं. मी ते न बघताच खिशात टाकलं. बरं कर, असंच लिहिलं असणार, दुसरं काय.

मी स्वतः काही मागायला चाललो नव्हतो. त्या दोन वर्षांत माझी प्रार्थना सुकून गेली होती. रविवारची चर्चमधली मिस्सा चुकवली नाही, रात्रीची रोझरी चुकवली नाही. पण ‘देव प्रीती आहे’ हे वाचन कानावर पडलं की मनात यायचं, मग आमच्या घरात तो कुठे आहे? तीन दिवस चाललो तर कळेल, एवढ्या आशेवर निघालो. शेजारचे काका दरवर्षी आषाढीला पंढरपूरची वारी करतात. त्यांनी बजावलं होतं, “नवी चप्पल घालू नको, आणि पुढचा किती लांब गेला ते बघू नको.” बायको पहाटे तीनला उठली, चपात्या आणि सुक्या बटाट्याची भाजी बांधून दिली. “मायची काळजी करू नका,” म्हणाली आणि आत गेली.

बांद्याला तेरेखोल ओलांडली तेव्हा नुकतं उजाडत होतं. पत्रादेवीला १९५५च्या सत्याग्रहातल्या हुतात्म्यांच्या स्मारकापाशी सगळे थांबलो, फादरांनी त्यांच्यासाठी प्रार्थना घेतली. पुढे हमरस्ता. ट्रक अंगावरून गेल्यासारखे जायचे. एका ओळीत, कडेकडेनं, रोझरीची एक माळ संपली की दुसरी. भात कापून झालेली शेतं, काजूच्या बागा, आणि दहानंतरचं ते ऊन! कोकणातलं नोव्हेंबरचं ऊन कुणी हलक्यात घेऊ नये.

धारगळच्या आसपास एका घरासमोर एक आजी उभी होती. कपाळाला ठसठशीत कुंकू, अंगणात तुळस. “च्या घेवन वच रे पुता,” म्हणाली. आम्ही बावीस जण. तिनं बावीस जणांना चहा दिला, कप कमी पडले तेव्हा स्टीलच्या पेल्यांतून, वाट्यांतून दिला. निघताना मला बाजूला घेऊन नातवाचं नाव सांगितलं आणि म्हणाली, “सायबाक सांग.” काय सांगायचं ते बोललीच नाही. मी बिस्किटाच्या पुड्याच्या कागदावर नाव लिहून घेतलं. तेरावी चिठ्ठी. “देव बरें करूं,” मी म्हटलं. तिनंही हात जोडून तेच म्हटलं.

दुसऱ्या रात्री म्हापशाच्या अलीकडे एका कापेलच्या, म्हणजे छोट्या चर्चच्या, सभागृहात मुक्काम होता. माझ्या टाचेला मोठा फोड आला होता. आमच्यातल्या एका रिक्षावाल्यानं माझा पाय मांडीवर घेतला, सुई मेणबत्तीवर धरली, फोडातून दोरा ओवला आणि तसाच ठेवला, म्हणजे पाणी निथळत राहतं. त्याची माझी तोवर धड ओळखही नव्हती.

मग फादरांनी सायबाची एक गोष्ट सांगितली. मी लहानपणापासून त्याचं फेस्त करत आलोय, पण ही ठाऊक नव्हती. १५४२ साली तो गोव्यात उतरला, घंटा वाजवत रस्त्यातून पोरं गोळा करायचा, हे आम्हाला पाठ होतं. पुढे तो पार आजच्या इंडोनेशियातल्या अंबोन बेटापर्यंत गेला. तिथून १५४६ साली युरोपातल्या आपल्या सोबत्यांना त्यानं लिहिलं की, तुमच्या पत्रांतली तुम्ही स्वहस्ते लिहिलेली नावं मी कापून काढली आहेत आणि माझ्या व्रतांच्या कागदाबरोबर ती सतत जवळ बाळगतो. त्यातून मला फार सांत्वन मिळतं.

“त्यांच्या येशूसंघाचा संस्थापक इग्नाशियस, त्यानं या सोबत्यांना एक सवय लावली होती,” फादर म्हणाले. “झोपण्याआधी दिवस पुन्हा बघायचा, सकाळपासून. देव कुठे भेटला, कुणाच्या रूपात भेटला, नावानिशी. आज करून बघा.”

दिवा मालवण्याआधी मी खिसा रिकामा केला. घामानं चिठ्ठ्या भिजल्या होत्या, वाळवायला एकेक उलगडून चटईवर मांडल्या. मायची उलगडली. वाकडीतिकडी, एकमेकांवर चढलेली अक्षरं. तिचं नाव नव्हतं, दुखण्याचं नाव नव्हतं. माझ्या बायकोचं नाव होतं. बस्स.

सकाळपासूनचा दिवस बघायचा होता, मी दोन वर्षं बघत बसलो. पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून दर दोन तासांनी मायला कुशीवर वळवणारी बायको. पेजेचा चमचा आधी स्वतःच्या ओठाला लावून बघणारी. रात्री कूस बदलताना तिच्याशी हळू आवाजात बाजारभाव, पाऊस, शेजारणीची भांडणं बोलणारी. आणि माय? आपला धडधाकट उरलेला एकच हात तिच्या मनगटावर ठेवून पडून राहणारी. मी ते सगळं रोज दारातून बघत आलो होतो. त्याच दारातून पुढे देव्हाऱ्यासमोर जाऊन गुडघे टेकायचो आणि विचारायचो, तू कुठे आहेस?

मी त्या रात्री खूप रडलो. शेजारच्या चटईवरचा रिक्षावाला जागा होता. काही बोलला नाही, पाण्याची बाटली माझ्याकडे सरकवली.

तिसऱ्या दिवशी मांडवीचा पूल, मग पणजीहून रायबंदरचा तो जुना सतराव्या शतकातला बांध, एका अंगाला मांडवी, दुसरीकडे खाजण. सायबाचं शव जिथे ठेवलंय त्या बॉं जेझू चर्चची तांबूस चिऱ्यांची भिंत झाडांतून दिसली तेव्हा पुढच्या बाईनं क्रूस उंच केला. बाहेर मांडवात कोंकणी मिस्सा चालू होती. आत सायबाची चांदीची पेटी उंचावर आहे, खालून मान वर करून बघावी लागते. मी तेरा नावं एकेक करून मोठ्यानं म्हटली. आजीच्या नातवाचं म्हणताना सोबतचेही थांबले. बारा चिठ्ठ्या मेणबत्त्यांपाशी ठेवल्या. मायची ठेवली नाही.

बसनं रात्री घरी आलो. माय जागी होती. तिला खिशातली चिठ्ठी काढून दाखवली, तिनं डोळे मिटले. पहाटे पाचला आत चाहूल लागली तेव्हा मी उठलो. बायको मायला कुशीवर वळवत होती.

“झोपा हो, तीन दिवस चाललात,” ती म्हणाली.

“तू पाठ धर,” मी म्हटलं, “उशी मी सरकवतो.”