सावरीचा भांग

आमच्या पांढऱ्या स्पिट्झ कुत्रीचे नाव सावरी आहे, आणि सावरीच्या बोंडातून फुटलेला कापूस ज्यांनी पाहिला आहे त्यांना या नावाचे कारण सांगावे लागत नाही. तिचे वजन जेमतेम साडेसात किलो आहे. अंघोळीला बसवून केस भिजले, की बाकीची सावरी गेली कुठे, असा प्रश्न दर वेळी पडतो. पुण्याच्या पावसाळ्यात हवा दमट झाली, की याच कापसाच्या पोटात पिसवांचे गोकुळ नांदू लागते आणि बाहेरून पाहणाऱ्याला त्याचा पत्ताही लागत नाही.

आम्हाला तो लागला तो काळ्या कणांमुळे. सावरी रात्रभर मागच्या पायाने कान खाजवायची, आणि सकाळी तिच्या चादरीवर भरड मिरपुडीसारखे काहीतरी सांडलेले असायचे. ते कण ओल्या पांढऱ्या कागदावर ठेवून पाहिले, तर त्यांच्याभोवती तांबूस वर्तुळ उमटले. ती पिसवांची विष्ठा होती, म्हणजे सावरीचेच पचवून टाकलेले रक्त. आईने पिसवा हा शब्द ऐकताच “प्लेग तर नाही ना रे?” असे विचारले. तिच्या पिढीने प्लेगच्या गोष्टी वडीलधाऱ्यांकडून ऐकलेल्या. आणि मुंबई-पुण्यात प्लेगने थैमान घातल्यानंतर १८९८ साली कराचीत पॉल-लुई सिमों या फ्रेंच डॉक्टराने उंदरांवरच्या पिसवांकडे बोट दाखवले, हे खरेच आहे. पण ती पिसू वेगळी. कुत्र्यांच्या अंगावर बहुतेक वेळा जी सापडते तिला शास्त्रात मांजराची पिसू म्हणतात, हे मी आईला सांगितले, तेव्हा सावरीचा अपमान झाल्यासारखी तिने मान फिरवली.

डॉक्टरांनी मानेवर टाकायच्या औषधाची एक इवलीशी नळी दिली. दहा किलोपर्यंतच्या कुत्र्यासाठी त्या नळीत फिप्रोनिल असलेले औषध असते ०.६७ मिलिलिटर, म्हणजे मोजून तेरा-चौदा थेंब. एवढ्याशा थेंबांनी एवढे मोठे रान कसे साफ होणार, ही शंका मनात ठेवूनच मी, गरम वरणभातावर तूप सोडावे तसे, ते सावरीच्या पाठीवर सोडून दिले. केसांच्या ओल्या काड्या झाल्या, दोन दिवसांनी त्या वाळून चरचरीत झाल्या, आणि आठवडा उलटला तरी खाजवणे काही थांबले नाही. मी औषधाला नावे ठेवत पुन्हा दवाखान्यात गेलो. डॉक्टरांनी माझे सगळे ऐकून घेतले आणि एवढेच विचारले, “औषध टाकताना तुम्हाला तिची कातडी दिसली होती का?”

दिसली नव्हती. खरे तर चार वर्षांत पोटाखेरीज सावरीची कातडी मी कुठेच पाहिलेली नव्हती. अशा कुत्र्यांच्या अंगावर केसांचे दोन थर असतात. वर लांब, ताठ केसांचे छप्पर आणि खाली लोकरीसारखी दाट, मऊ लव. पाण्याचा थेंबही ज्या लवेतून सहजी आत उतरत नाही, तिच्यातून औषधाने आपली वाट आपण शोधावी अशी माझी अपेक्षा होती. हे औषध काम करते ते कातडीवरच्या तेलाच्या आधाराने. त्या तेलात मिसळून ते एक-दोन दिवसांत अंगभर पसरते, केसांच्या मुळांशी असलेल्या तैलग्रंथींत साठून राहते आणि तिथून महिनाभर थोडे थोडे झिरपत राहते. म्हणूनच औषधाच्या आधी आणि नंतर दोन-दोन दिवस शाम्पूची अंघोळ घालायची नसते. मी नेमकी आदल्या संध्याकाळी, स्वच्छ अंगावर औषध चांगले लागेल म्हणून, सावरीला खसखसून न्हाऊ घातले होते.

पुढच्या महिन्यात दुसरी नळी आणली, तेव्हा तेलाचे नाव निघताच आईने पदर खोचला. दोन मुलींच्या डोक्यांना बारा-पंधरा वर्षे तेल लावलेल्या बाईला यात नवीन काहीच नव्हते. “अरे, आधी भांग पाड. केसांना तेल चोपडून काय उपयोग? मुळाशी जायला हवे,” असे म्हणत तिने सावरीचा पट्टा काढला, केसांतला गुंता मोकळा केला आणि लांब दांडीच्या कंगव्याच्या टोकाने खांद्यांच्या दोन फऱ्यांच्या मधोमध, जिथे जीभ पोचत नाही तिथे, एक रेघ ओढली. लव लगेच मिटली. आईने आपल्या अंबाड्यातले दोन चाप काढून दोन्हीकडचे केस दाबून धरले, पुन्हा रेघ ओढली, आणि त्या पांढऱ्या रानात बोटभर लांबीची गुलाबी पायवाट उघडी पडली. बायकोने सावरीची हनुवटी धरली, मी नळीचे तोंड थेट कातडीला टेकवले आणि तिथल्या तिथे ती हलकेच दाबत रिकामी केली. एकही थेंब ओघळला नाही.

त्याच सुमारास शेजारच्या वहिनींनी त्यांच्या झुबकेदार पर्शियन मांजरासाठी आमच्याकडची एखादी नळी मिळेल का, असे विचारले. एरवी आमच्याकडे वाटीभर साखरेला नाही म्हणत नाहीत, पण इथे मी स्पष्ट नकार दिला. कुत्र्यांच्या काही औषधांत परमेथ्रिन असते आणि ते मांजराच्या जिवावर बेतू शकते. मांजराचे औषध मांजराच्याच डॉक्टरांना विचारून आणावे.

घराचे काम मात्र भांगाने भागले नाही. पिसवेची अंडी गुळगुळीत असल्यामुळे केसांत टिकत नाहीत, ती घरंगळून सतरंजीत आणि दिवाणाखाली पडतात. तिथे अळ्या होतात, त्या उजेडाला टाळतात आणि पुढे धुळीने माखलेल्या कोशात महिनोन्‌महिने दडून बसू शकतात. दिवाळीला आम्ही पंधरा दिवस सांगलीला जाऊन आलो, तेव्हा कुलूप उघडून आत पाऊल टाकताच सगळ्यांच्या घोट्यांना चावे बसले. पावलांचा हादरा आणि अंगाची ऊब लागताच कोशातली मंडळी आमच्या स्वागताला बाहेर आली होती. मग चादरी गरम पाण्यातून काढल्या, दिवाण ओढून रोज झाडला, आणि औषधाचा महिना चुकवला नाही.

आता आईने भिंतीवरच्या दिनदर्शिकेत दर महिन्याच्या पाच तारखेला ‘सावरीचा भांग’ असे लिहून ठेवले आहे. सावरीला अर्थातच तारीख कळत नाही. पण आईचा हात अंबाड्यातल्या चापांकडे गेला, की ती दिवाणाखाली जाऊन बसते.