कपही नाही, बोर्डही नाही

स्वयंपाकघराचं काम काढलं तेव्हा सुतारमामा भिंतीला टेप लावत म्हणाले, "इथं अडीच फुटी कबर्ड बसंल." मी जन्मभर 'कपबोर्ड' म्हणत आलो; शाळेत स्पेलिंग घोकलं होतं ना! हळूच शब्दकोश उघडला, तर उच्चार मामांचाच बरोबर. त्यांनी तो शब्द कधी वाचला नाही, नुसता ऐकला, म्हणून वाचले.

कप आणि बोर्ड त्यात आहेत मात्र खरेच. 14व्या शतकाच्या अखेरीस इंग्लंडात या शब्दाचा अर्थ होता पेले मांडून ठेवायचं मेज. पुढे 16व्या शतकात श्रीमंतांकडे 'कोर्ट कपबोर्ड' असायचं. नुसत्या उघड्या फळ्या, दाराचा पत्ता नाही. चांदीची भांडी पाहुण्यांना दिसणार कशी मग? आपल्या आज्यांची मांडणी याच जातीची, फक्त चांदीऐवजी घासून लख्ख केलेली पितळ्यांची चळत.

बोर्ड म्हणजे मुळात फळी. फळीचं झालं टेबल आणि टेबलाचं झालं जेवण. आपल्याकडे पानाचं हेच झालं. "पानं घेतलीत, चला" अशी हाक येते आणि समोर असतं स्टीलचं ताट! एसटी स्टँडसमोरच्या 'लॉजिंग-बोर्डिंग'च्या पाटीत लॉजिंग म्हणजे खाट आणि बोर्डिंग म्हणजे ताट. शाहू महाराजांनी 1901 साली कोल्हापुरात व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग काढलं, त्याच्या नावातही हेच जेवणाचं टेबल आहे. कंपनीचं संचालकांचं बोर्डही त्याच टेबलाभोवती बसलेलं. (तिथलं जेवण बरं असतं म्हणतात.)

आपलं कपाटही काही साधं नाही. संस्कृतात कपाट म्हणजे दाराची फळी. कवाड त्यातूनच आलं. बद्रीनाथचे कपाट उघडले अशी बातमी दरवर्षी येते, ती देवळाच्या दरवाजांची. म्हणजे आपण नुसत्या दारावरून अख्ख्या वस्तूचं बारसं केलं, आणि इंग्रजांनी नाव उचललं ते जिला दारच नव्हतं अशा वस्तूचं.

मामांचं कबर्ड झकास झालंय. सनमायका लावलेली दारं, आत डाळी-पोह्यांचे डबे. कप मात्र सिंकशेजारच्या जाळीवर उपडे, येणाऱ्याजाणाऱ्याला दिसतील असे.